बेंजोवाल्याच्या कानातली बुचं

हे लिहायला बसलोय आणि डाव्या कानात शिट्टी चालू आहे. कुकरची नव्हे. जुन्या टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला तरी एक बारीक सूं यायची, तशी. ती थांबलेली नाही आणि थांबेल असं कुठल्या डॉक्टरने मला सांगितलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो. पूर्ण बरा झालेला माणूस लिहितोय असं समजून कोणी वाचायला घेतलं तर त्याची फसगत व्हायची. मी अर्धा बरा झालो. उरलेल्या अर्ध्याबरोबर कसं राहायचं ते अजून शिकतोय.

माझं नाव विलास. पोलादपुरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचे पंप, पंखे, गिरणीच्या मोटरी, जे जळेल ते लोक माझ्याकडे आणतात. आणि लग्नसराई, गणपती, शिमगा आला की मी आमच्या गावच्या पथकात बेंजो वाजवतो. ज्यांनी तो जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: गळ्यात पट्ट्याने अडकवायची लांबट पेटी, तिच्यावर तारा आणि टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताने कळा दाबायच्या, उजव्या हाताने तारा छेडायच्या. पेटीतून निघालेली वायर ॲम्प्लिफायरला, आणि तिथून हातगाडीवरच्या स्पीकरला. बावीस वर्षं मी त्या गाडीच्या पुढे चाललो, स्पीकर डाव्या खांद्याच्या मागे ठेवून.

हल्ली आसपासच्या पथकांतली माणसं पंपाचं निमित्त काढून दुकानात येतात आणि जाता जाता विचारतात की कानात घालायचं ते काय असतं, कुठे मिळतं, घातल्यावर वाजवता येतं का. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसण्याएवढा धीर आता माझ्यात नाही. म्हणून लिहून ठेवतोय.

*

वरंधकडच्या एका गावात लग्न होतं. आम्ही नवरीकडचे, मुलाकडून दुसरं पथक आलेलं. संध्याकाळी देवळापाशी दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या. अशा वेळी मागे कोणी हटत नाही. आमचे दत्ताभाऊ, म्हणजे माझे थोरले चुलत भाऊ, पथक त्यांचं आणि ढोलही तेच वाजवतात. त्यांनी मला हाताने खूण केली: वाढव. मी आवाज वाढवला. समोरच्यांनी वाढवला. रस्ता अरुंद, एका अंगाला दगडी बांध, आणि दोन पथकांच्या स्पीकरांच्या मधोमध मी. पाऊण तास ते चाललं. माणसं बेभान नाचत होती. मलाही मजा येत होती, खोटं कशाला सांगू. शेवटी स्पीकरातून एक किंचाळी निघाली आणि माझ्या डाव्या कानात कोणीतरी ओला कापूस कोंबल्यासारखं झालं.

कार्यक्रमानंतर दिवसभर कान बंद राहणं आम्हा वाजवणाऱ्यांना सवयीचं असतं. आम्ही त्याची चेष्टाही करतो. पण दुसरा दिवस गेला, तिसरा गेला, कान काही उघडेना. बायकोने, सुजाताने, खोबरेल तेल कोमट करून कानात सोडलं. मळ असेल म्हणाली. मलाही तेच वाटत होतं, किंवा तेच वाटून घ्यायचं होतं. शिट्टी तेव्हाच सुरू झालेली. मी ती कुणाला सांगितली नाही. दुकानात पंखा आणि रेडिओ दोन्ही चालू ठेवायचो. दुपारी लाइट गेली की सगळं शांत व्हायचं आणि ती डोकं वर काढायची. मग मी उगाच शटर खाली ओढून चहाला जायचो, तिथून स्टँडवर, तिथून परत. एका जागी बसवेना.

पाचव्या दिवशी कापडे गावच्या एका शेतकऱ्याने पंप परत आणला. चारच दिवसांपूर्वी मी त्यात नवीन बेअरिंग घातली होती, चालवून बघितलं होतं आणि ठीक आहे म्हणून दिला होता. त्याने पंपाला करंट द्यायला सांगितलं. पंप सुरू झाला. मला नेहमीची घरघर ऐकू आली. पण शेजारचा टेलर मशीन थांबवून कानावर हात ठेवून बाहेर आला. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आम्ही मोटरी अशाच तपासतो. डाव्या कानाला लावली: काही नाही. उजव्या कानाला लावली तर बेअरिंग अक्षरशः किंचाळत होती.

त्या माणसाने भांडण केलं नाही. कान दाखवून घ्या, एवढंच म्हणाला. मी त्याच दिवशी महाडला गेलो.

*

कानाच्या डॉक्टरीण बाई माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी कानात बघितलं आणि मळ नाही म्हणाल्या. मग मला एका पेटीएवढ्या खोलीत बसवलं. जाड दरवाजा, एक छोटी काच, भिंतींना फोम. कानांवर हेडफोन आणि हातात बटण. आवाज आला की दाबायचं.

त्या खोलीइतकी शांतता मी आयुष्यात अनुभवली नव्हती आणि तिच्यात माझी शिट्टी एवढी मोठी झाली की मशीनचा आवाज कुठला आणि माझा कुठला ते कळेना. मी अंदाजाने दाबत सुटलो. काचेपलीकडची मुलगी दोनदा आत आली आणि शांतपणे म्हणाली की घाई करू नका, खात्री असेल तेव्हाच दाबा. खात्री कशाचीच नव्हती. हाताला घाम सुटून बटण निसटत होतं.

कागदावर दोन रेषा आल्या. उजव्या कानाची रेषा बऱ्यापैकी सरळ जाऊन शेवटी खड्ड्यात उतरलेली. तो खड्डा वर्षानुवर्षांचा, बाई म्हणाल्या. डाव्या कानाची रेषा मध्यापासूनच कोसळलेली. ते नवीन होतं.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मी पाच दिवस म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पहिल्याच दिवशी का नाही आलात?"

मी खोबरेल तेलाचं सांगितलं. पुढचं त्यांनी सरळ सांगितलं. तीन दिवस दाखल व्हायचं, इंजेक्शनं घ्यायची, नंतर गोळ्या. काही परत येईल, सगळं येईल असं नाही. तेल पुन्हा घालायचं नाही. "आजचा दिवस फुकट घालवू नका," त्या म्हणाल्या. तुमच्यापैकी कोणाचा कान कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशीही उघडला नाही, तर माझं नाव विसरलात तरी चालेल, त्यांचं हे वाक्य विसरू नका.

*

दवाखान्यात दिवस सुयांनी मोजले जायचे. सकाळी सहाला साखर तपासायची, मग इंजेक्शन, मग नाश्ता, मग राउंड. इंजेक्शनांनी झोप उडेल, भूक वाढेल, जीव थाऱ्यावर राहणार नाही असं सांगितलं होतं, आणि तसंच झालं. मी व्हरांड्यात फेऱ्या मारायचो. दरवाज्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत अठ्ठावीस पावलं. खाटेवर टेकलो की पाय आपोआप हलायचे. शेजारी पाय मोडलेले एक वयस्क शिक्षक होते. ते म्हणाले, तुम्ही माझ्याही वाटचं चालून घेताय. त्या तीन दिवसांत मी हसलो तो तेवढाच.

डोक्यात एकच विचार फिरत होता. बेंजो गेला तर मी बसवून घेईन मनाला. पण मोटर ऐकू आली नाही तर दुकान कसं चालवू? आमची श्रावणी बारावीला. आणि आबा, माझे वडील, घरी. त्यांना तर दहा वर्षांपासून ऐकू येत नाही. एका घरात दोन बहिरे.

सुजाता दिवसभर माझ्या डाव्या बाजूला स्टुलावर बसायची, कारण उजवीकडे सलाइनचा स्टँड होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती अचानक उठून बाहेर गेली आणि बऱ्याच वेळाने डोळे पुसत आली. मला वाटलं घरचा फोन आला असेल. घरी आल्यावर आठवडाभराने तिने सांगितलं. ती मला म्हणाली होती, "मला भीती वाटतेय हो, जरा बोला माझ्याशी." आणि मी समोरच्या भिंतीकडे बघत बसलो होतो. तिला वाटलं मी तेलावरून चिडलोय.

तेव्हापासून आमच्या घरात एक पद्धत पडली आहे. महत्त्वाचं बोलायचं असेल तर ती आधी उजवीकडे येऊन बसते.

एक चांगली आठवण सांगायची राहिली. तिथल्या झाडलोट करणाऱ्या मावशींनी माझ्या फेऱ्या पाहिल्या आणि अडगळीतला एक टेबलफॅन आणून माझ्या खाटेशी लावला. त्याचं एक पातं वाकलेलं होतं, खडखड खडखड वाजायचा. सिस्टरने विचारलं हा कशाला आणला, तर मावशी म्हणाल्या, "ह्यांना वाऱ्यासाठी नाय, आवाजासाठी हाय." त्यांच्या नवऱ्यालाही तसंच होतं म्हणे, कंपनीत कॉम्प्रेसरवर होता. त्या खडखडाटात शिट्टी बुडाली आणि मी तासभर झोपलो. वाकलेलं पातं सरळ करायला माझे हात शिवशिवत होते, पण मी त्याला हात लावला नाही.

*

घरी आलो तेव्हा डावा कान अर्धामुर्धा उघडला होता. आबांना काय झालं ते समजावून सांगायला मला ओरडावं लागलं. आबा आयुष्यभर खालूबाजात, म्हणजे सनई-ढोलाच्या जुन्या ताफ्यात, ढोल वाजवत आले. गावातली अशी एक पालखी नाही की जिच्यापुढे ते वाजवायला गेले नाहीत. त्यांना कमी ऐकू येतं हे आम्ही वयावर टाकलं होतं, आणि मी त्यांच्यावर किती वेळा खेकसलो असेन त्याची गणतीच नाही.

मी ओरडून सांगितलं की डाव्या कानात सारखी शिट्टी वाजते. त्यांनी हाताने खूण केली, पुरे, कळलं.

"ती होय. ती मला पण हाय. तू शाळेत जायच्या आधीपासनं."

मी विचारलं, मग कधी बोलला का नाहीत.

"काय बोलायचा? मला वाटला सगळ्यांनाच असते."

मी तिथून उठून मागच्या परसात गेलो. तिथे काही काम नव्हतं. उगाच लाकडं रचत बसलो.

*

डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं की यापुढे मोठ्या आवाजात उघड्या कानाने उभं राहायचं नाही. वाजवूच नका असं त्या म्हणाल्या नाहीत. ते सुजाता म्हणाली. तिचं म्हणणं होतं की कान राहिला तर सगळं राहील. श्रावणीचं म्हणणं होतं की बाबा वाजवायचे बंद झाले तर घरात राहणं अवघड होईल. दोघींचंही खरं होतं.

मग मी बुचं शोधायला लागलो. कापूस आधीपासून वापरत होतो, सगळेच वापरतात. त्याने काहीच अडत नाही. कान झाकल्याचं समाधान मिळतं एवढंच. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या शेजाऱ्याने फोमची पिवळी बुचं दिली. ती चिमटीत बारीक वळून कानात घालायची, आत गेल्यावर फुगतात. आवाज नक्की कमी झाला. पण मी दुकानात बेंजो जोडून वाजवला तर वरचे सूर गायबच. चिखलात हात घालून वाजवल्यासारखं. स्वतःचा आवाज मात्र डोक्यात घुमत होता, चावताना सुद्धा. सूर ऐकू येईनात म्हणून मी जोर लावला आणि तार तोडली. कंपनीत मशीनपाशी उभं राहायला ती उत्तम. वाजवणाऱ्याची गरज वेगळी.

त्याच बुचांनी मी आणखी एक मूर्खपणा केला. घरातही ती घालून बसायला लागलो. भांडं पडलं, दार आपटलं तरी आता दचकायला व्हायचं म्हणून. पण बाहेरचं बंद केलं की आतली शिट्टी एकटीच उरते आणि वाढते. सुजाता उजवीकडे बसूनही मला काही ऐकू येईना. चार दिवसांनी तिने ती उचलून गोळ्यांच्या डब्यात ठेवली, म्हणाली, लागतील तेव्हा मागा.

मग श्रावणीने मोबाइलवरून रबराची मागवली, एकावर एक तीन टोप्या असतात तशी. उजव्या कानात छान बसली. डाव्यातून दहा मिनिटांत निसटायची. माझे दोन्ही कान एका मापाचे नाहीत हे मला या वयात कळलं.

शेवटी डॉक्टरीण बाईंनी पनवेलच्या एका श्रवणतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. त्यांनी फोनवर सांगितलं, येताना वाद्य घेऊन या. मी बेंजो घेऊन एसटीत बसलो. तिथे त्यांनी माप घ्यायला माझ्या कानांत गार, मऊ लगदा भरला आणि तो घट्ट होईपर्यंत बसायला सांगितलं. दोन्ही कान बंद, आत फक्त शिट्टी आणि माझे ठोके. मला उठून पळावंसं वाटत होतं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घड्याळ दाखवलं.

त्या मापाची बुचं काही दिवसांनी तयार झाली. त्यांच्यात बारीक चकती बसते, ती आवाज पूर्ण अडवत नाही, खालचे-वरचे सूर सारखेच कमी करते. चकत्या बदलता येतात. मी म्हटलं, सगळ्यात जास्त अडवणारी द्या. त्यांनी आधी माझ्याकडून बेंजो वाजवून घेतला, मग मी कुठे उभा राहतो, स्पीकर कुठे असतो ते विचारलं.

"जास्त अडवलं की तुम्हाला काही कळेनासं होईल आणि ऐन कार्यक्रमात तुम्ही ती काढून टाकाल," त्या म्हणाल्या. "जी शेवटपर्यंत कानात राहतील तीच चांगली."

मिरवणुकीसाठी जास्त अडवणारी चकती आणि देवळातल्या भजनासाठी कमीवाली, असं ठरलं. आणि स्पीकरपासून लांब उभं राहायचं ते राहायचंच. बुचं आहेत म्हणून गाडीला चिकटायचं नाही.

*

दत्ताभाऊंना पटलं नाही. ते म्हणाले, लोक म्हणतील बेंजोवाला बहिरा आणला. ढोलाची खूण ऐकू आली नाही तर चाल कशी बदलणार? मी म्हटलं, स्पीकर उंच करा, मला उजव्या बाजूला येऊ द्या. पथकाची रचना एका माणसासाठी बदलत नाही, त्यांनी सांगितलं. मग मी येत नाही, मी म्हणालो. हे म्हणताना माझा आवाज चढला होता, त्यांचाही.

त्यांनी माझ्या जागी कीबोर्ड वाजवणारा कॅसिओवाला धरला. तीन कार्यक्रम माझ्याशिवाय झाले. एक तर आमच्याच वाडीत होता. मी घरात बसून चाल ओळखत होतो, पुढे काय येणार ते बोटं गुडघ्यावर वाजवत होती. सुजाता ते बघत होती.

मग कॅसिओवाल्याला मुंबईत काम लागलं आणि दत्ताभाऊ दुकानात आले. चूक कबूल करायला आले नव्हते, त्यांचं अडलं होतं. पाचाडला दुपारची वरात होती. म्हणाले, "ये तू. उभा राहा तुला पायजे तिकडं."

पहिली पाच मिनिटं मी चाचपडलो. सगळं लांब चाललंय असं वाटत होतं. एकदा चाल बदलायची चुकलोही, दत्ताभाऊंनी वळून बघितलं. मी एक बूच अर्धं बाहेर काढलं. आवाज कानात असा शिरला की पुन्हा आत दाबलं. मग ढोलाकडे कान देण्याऐवजी त्यांच्या हातांकडे बघायला लागलो. हळूहळू बसलं. आणि मग एक गोष्ट झाली जी मी अपेक्षिली नव्हती. गोंगाट खाली बसल्यावर प्रत्येक वाद्य सुटं ऐकू यायला लागलं. माझीच एक तार उतरलेली होती. कोण जाणे किती वर्षं मी तशीच वाजवत होतो. चालता चालता पिळून घेतली.

पाणी प्यायला थांबलो तेव्हा दत्ताभाऊ जवळ आले. "आज बेंजो सुरात हाय," म्हणाले, आणि निघून गेले. पुढच्या कार्यक्रमाला दत्ताभाऊंनी गाडीवर लोखंडी स्टँड जोडून स्पीकर डोक्याच्या वर नेले होते.

*

आबांना महाडला न्यायला मी दोन महिने लावले. त्यांची तयारी होती, माझी नव्हती. ते त्या खोलीत बसले, मी काचेबाहेर. आवाज नसताना ते बटण दाबत होते, आणि ते काय ऐकून दाबतायत ते त्या मुलीच्या आधी मला कळलं.

त्यांना कानाची मशीन मिळाली. घरी आल्यावर ते ओटीवर बसून वैतागले. कोंबड्या, नळ, श्रावणीच्या पुस्तकाची पानं, सगळंच त्यांना फार होत होतं. पत्र्यावर खडे टाकल्यासारखं वाटतंय म्हणाले. मी म्हटलं, काढून ठेवू का. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"तुझा बेंजो आण."

स्पीकर नाही, वायर नाही, नुसती पेटी मांडीवर घेऊन मी वाजवायला लागलो. खालूबाजातली जुनी चाल, जी त्यांच्या ढोलामागून चालताना माझ्या कानावर पडली होती. ते मान खाली घालून ऐकत होते. बोटं उघड्या गुडघ्यावर, पण हलत नव्हती. चाल संपली.

"वरचे सूर मला कधी ऐकू आलेच नाय रे," ते म्हणाले. "मला वाटायचा तू नुसता दाण दाण वाजवतोस."

मी पेटी मांडीवरून खाली ठेवायला लागलो.

"परत वाजव. पहिल्यापासनं."

मी वाजवलं.